चित्रावरील हरताळ : व्हर्मीरकृत ‘पत्र वाचणारी मुलगी’ या चित्राचा भाव व अर्थ

१. हस्तलिखितांचा संग्रह करणारांस ‘हरताळ’ या शब्दाचा मूळ अर्थ सांगावयास नको. पोथी लिहितांना चुकीचें अक्षर पडलें म्हणजे त्यावर पिवळ्या हरताळाचा हात फिरवून तें झांकावयाचें व वर शुद्ध अक्षर लिहावयाचें, ही आपल्याकडील जुनी रीति. हरताळाखालीं काय होतें, तें कोणीं झांकलें, लेखकानें स्वतः कीं मागाहून ज्याच्या हातीं पोथी आली त्यानें, हे प्रश्न पाठनिश्चिति करणारापुढें नित्य उभे असतात. यूरोपांतील एका जगप्रसिद्ध चित्राच्या बाबतींत अगदीं हेच प्रश्न उपस्थित झाले व त्यांचा निकाल इ. स. २०२१ सालीं पुरा लागला. त्या निकालानें चित्राचा पिढ्यानपिढ्या मानलेला भाव पालटला. चित्र घरगुती आहे; त्यांत राजा नाहीं, लढाई नाहीं, देवताहि दिसत नव्हती. तथापि साधनांची पारख कशी करावी याचा जो धडा त्यापासून मिळतो तो आपल्या दप्तरांस व पोथ्यांस तंतोतंत लागू पडतो. म्हणून त्याची हकीकत येथें थोडक्यांत देण्याचें योजिलें आहे.

२. चित्रकार योहानेस व्हर्मीर हा हॉलंडांतील डेल्फ्ट शहरचा. त्याचा जन्म १६३२ सालचा, मृत्यु १६७५ सालच्या डिसेंबरांतील. त्याचीं म्हणून आज मान्य असलेलीं चित्रें अवघीं पस्तिसाच्या आसपास आहेत व त्यांतील बहुतेक घरांतल्या एखाद्या दालनाचीं आहेत. प्रस्तुत चित्र १६५७ ते १६५९ च्या सुमाराचें, म्हणजे आपल्याकडे प्रतापगडचें प्रकरण ज्या वर्षीं घडलें त्या वेळचें मानितात. तें कापडावर तैलरंगांत काढिलेलें असून ८३ सेंटिमीटर उंच व ६४॥ सेंटिमीटर रुंद आहे. तें जर्मनींतील ड्रेस्डेन येथील राजसंग्रहांतून चालत आलेल्या चित्रशाळेंत आहे.

व्हर्मीरच्या काळच्या वलंदेजांचा आपल्या किनाऱ्याशीं संबंध होता, हें वाचकांस ठाऊकच आहे. त्यांची वेंगुर्ल्याची वखार १६३७ च्या सुमारास स्थापन झाली व तेथून गेलेलीं पत्रें शिवकालाच्या अभ्यासकांस उपयोगी पडलीं आहेत. ज्या कंपनीची ती वखार, तिच्या सहा शाखांपैकीं एक डेल्फ्ट येथें होती. जहाजांवर चढलेल्या माणसांचीं पत्रें महिनोन् महिने येत नसत व आलेलें पत्र घरांतील मोठी घटना होई, अशा शहरांत हें चित्र निघालें आहे एवढें ध्यानांत ठेवावें.

३. आतां चित्रांत काय आहे तें पाहूं. दालनाच्या डाव्या अंगास एक खिडकी आंत उघडलेली आहे. तिच्यावर तांबडा पडदा टाकलेला असून तिच्या लहान लहान तावदानांत मुलीच्या चेहऱ्याचें अंधुक प्रतिबिंब पडलें आहे. मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी आहे. आपल्याला तिची केवळ एक बाजू दिसते. दोन्ही हातांत धरलेल्या पत्रावर तिची दृष्टि खिळलेली आहे. पुढें मेज आहे व त्यावर तुर्की धाटणीचा गालिचा पसरला आहे, कारण असे मोलाचे गालिचे जमिनीवर न अंथरतां मेजावर घालण्याची त्या देशांतील श्रीमंत घरांत चाल होती. गालिच्याच्या सुरकुत्यांत निळ्यापांढऱ्या चिनी मातीचें तबक कलंडलेलें असून त्यांतील फळें बाहेर आलीं आहेत. एक फळ चिरलेलें असून त्याची आंठी दिसते. सर्वांच्या अलीकडे, उजव्या बाजूस, वरच्या दांडीवरून एक हिरवा पडदा खालीं सोडला आहे. हा पडदा दालनांतला नव्हे. त्या काळीं मोलवान चित्रांवर धूळ बसूं नये म्हणून पडदा लावीत. तसाच खरा पडदा कोणीतरी नुकताच बाजूस सारला आहे असा भास व्हावा म्हणून चित्रकारानें तो रंगविला आहे.

मुलीच्या मागें भिंत आहे. चित्राचा वरचा बराचसा भाग या भिंतीनें व्यापिला आहे, आणि आमचा विषय ती भिंतच होय. ती भिंत आतांपर्यंत मोकळी होती. तिच्यावर खिळा नाहीं, तसबीर नाहीं, नकाशा नाहीं. नुसता फिक्या उजेडाचा पट्टा. पाहणाराची नजर मुलीच्या वांकलेल्या मानेवरून वर जाई व त्या शून्यांत विराम पावे. त्यामुळें निःशब्दता, एकांत, आपल्याच ठायीं मग्न झालेलें मन हाच चित्राचा भाव असें सर्वत्र मानलें जाई. पत्र कोणाचें, आनंदाचें कीं दुःखाचें, हें चित्रकारानें मुद्दाम सांगितलें नाहीं व त्या न सांगण्यांतच त्याची थोरवी आहे, असें म्हणण्याचा प्रघात पडला होता.

४. चित्राची पूर्वपीठिका समजल्याशिवाय पुढील गोष्टीचा उलगडा होणार नाहीं. १७४२ सालीं सॅक्सनीचा अधिपति व पोलंडचा राजा तिसरा ऑगस्टस याच्यासाठीं तें पॅरिस येथें खरेदी झालें. त्या वेळीं तें रेम्ब्रांटचें म्हणून आलें होतें. १८२६ सालीं तें पीटर द होख याच्या नांवावर चढलें. खरा कर्ता १८६० च्या सुमारास थोरे-ब्यूर्गर या फ्रेंच टीकाकाराच्या परिश्रमानें उजेडांत आला. म्हणजे शंभरांहून अधिक वर्षें चित्र जगाच्या डोळ्यांपुढें असून कर्त्याचें नांव चुकीचें होतें. संग्राहकांस यांत नवल वाटूं नये. वजनदार नांवावर माल खपतो, म्हणून एखाद्या पोथीच्या अखेरीस मोठ्या कवीची मुद्रा घुसडण्याचा प्रकार आपल्याकडेहि आढळतो. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४५ सालीं, ड्रेस्डेनच्या संग्रहांतील इतर अनेक चित्रांबरोबर हेंहि रशियांत नेलें गेलें व १९५५ सालीं परत आलें.

५. १९७९ सालीं चित्राची क्ष-किरणांनीं तपासणी झाली, तेव्हां मोकळ्या भिंतीखालीं एक मोठें चित्र दडलेलें आहे असें दिसलें. काळ्या चौकटींत बसविलेला, उभा, नग्न बालक, हातीं धनुष्य, पायाशीं मुखवटे. पाश्चात्यांचा मदन जो क्युपिड तोच हा. त्याच तपासणींत दुसरीहि एक गोष्ट निघाली. उजव्या खालच्या कोपऱ्यांत व्हर्मीरनें प्रथम एक मोठा मद्याचा पेला रंगविला होता; पुढें त्यावर हिरवा पडदा आला व पेला नाहींसा झाला.

अशा रीतीनें एकाच चित्रांत दोन ठिकाणीं हरताळ निघाला. पेला झांकणारा पडदा व्हर्मीरचाच, याविषयीं वाद नव्हता. त्यावरून मदनहि त्यानेंच झांकला असें अनुमान साहजिक झालें व तें जवळजवळ चाळीस वर्षें चाललें. अनुमान सोईचें होतें. कर्त्यानें आधीं बोलकी खूण घातली, मग ती नको वाटून पुसली व शांततेची निवड केली, असें म्हटलें म्हणजे रिकाम्या भिंतीचा भाव कर्त्याच्या पदरीं बांधतां येत होता.

मार्च २०१७ मध्यें चित्राच्या जीर्णोद्धाराचें काम ख्रिस्तोफ शोल्त्सेल यांच्या हातीं सुरू झालें. जुनें पिवळें पडलेलें रोगण काढीत असतां भिंतीच्या त्या भागांतील रंग इतर रंगांहून निराळ्या गुणाचा आहे असें दिसून आलें. तेव्हां सूक्ष्म नमुने घेऊन ते ड्रेस्डेनच्या कलाविद्यालयांतील प्रयोगशाळेंत तपासण्यांत आले. रंगाचा कण आडवा छेदून सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं ठेविला म्हणजे त्याचे थर एकावर एक रचलेले दिसतात. तेथें मदनाचा रंग सर्वांत खालीं, त्यावर रोगणाचा थर, त्यावर धुळीचा व मळाचा थर, आणि त्याच्याहि वर भिंतीचा रंग, अशी मांडणी निघाली.

या मांडणीचा अर्थ उघड आहे. चित्र पुरें झालें, त्यावर रोगण चढलें, तें भिंतीवर टांगलें गेलें, त्यावर कित्येक दशकें मळ सांचला आणि मग कोणीं तरी मदनावर रंग फिरविला. व्हर्मीर त्रेचाळिसाव्या वर्षीं वारला. चित्र काढल्यावर तो वीस वर्षेंहि जगला नाहीं. तेव्हां तो हात त्याचा असणें शक्य नाहीं. आपल्या पोथ्यांतील एक दाखला घेतल्यास ही गोष्ट अधिक स्पष्ट होईल. किडीनें पाडलेल्या भोंकाला वळसा घालून जें अक्षर लिहिलें असतें तें भोंकाहून अलीकडचें, आणि भोंकानें जें अक्षर तोडलें असतें तें त्याच्याहून पूर्वींचें. लेखकाच्या हेतूविषयीं कितीहि वाद घाला, किडीची साक्ष खोटी पाडतां येत नाहीं. येथें ती साक्ष धुळीनें दिली.

६. निकाल ठरल्यावर वरचा रंग काढण्याचा निर्णय तज्ज्ञांच्या मंडळाच्या विचारानें झाला. द्रावणें लावून तो विरघळविला असता तर खालचें मूळ रोगणहि त्याबरोबर जाण्याची भीति होती. म्हणून सूक्ष्मदर्शकाखालीं शस्त्रवैद्याच्या बारीक सुरीनें तो कणाकणानें खरवडून काढण्यांत आला. २०१९ च्या मे महिन्यांत अर्धवट उघडा झालेला मदन लोकांस दाखविण्यांत आला व २०२१ च्या सप्टेंबरांत संपूर्ण चित्र प्रदर्शनांत मांडलें गेलें. पेल्यावरचा पडदा मात्र जागच्या जागीं ठेवला. कर्त्यानें स्वतः खोडलेलें अक्षर पुन्हा छापणें ही त्याच्यावर कुरघोडी होय; पराक्यानें खोडलेलें अक्षर पुन्हा वाचणें हा न्याय होय. दोन्ही हरताळ दिसण्यांत सारखे असले तरी त्यांशीं वागण्याची रीति अगदीं उलट ठरली, ती केवळ हात कोणाचा या एका प्रश्नाच्या उत्तरावरून.

७. आतां हा मदन म्हणतो काय? कोणत्याहि साधनाचा अर्थ करितांना प्रथम तें साधन, मग त्याच कर्त्याचीं इतर साधनें, मग त्याच्या घरचे कागद, मग त्या काळच्या लोकांच्या हातांतील ग्रंथ व सर्वांच्या शेवटीं आपली स्वतःची भावना, असा क्रम आम्हांस योग्य वाटतो. त्या क्रमानें पाहूं.

चित्रांत मदनाचा पाय एका मुखवट्यावर आहे. मुखवटा म्हणजे सोंग, कपट. हा झाला पहिला पुरावा.

हाच मदन व्हर्मीरच्या इतरहि चित्रांत भिंतीवर टांगलेला दिसतो. लंडनच्या राष्ट्रीय चित्रशाळेंतील वाद्यापाशीं उभ्या राहिलेल्या स्त्रीच्या चित्रांत तो हातांत एक पत्ता उंच धरून आहे. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयांतील झोंपलेल्या तरुणीच्या चित्रांत त्याचा नुसता पाय व मुखवटा एवढाच तुकडा दिसतो. त्याच शहरांतील फ्रिक संग्रहांत, संगीत चाललें असतां व्यत्यय आलेल्या मुलीचें चित्र आहे, त्यांतहि तो आहे. आणि गंमत अशी कीं तेथेंहि मागील कोणीं त्यावर व्हायोलिन रंगवून ठेविलें होतें, तें विसाव्या शतकाच्या आरंभीं काढण्यांत आलें. एकाच मदनावर दोन ठिकाणीं हरताळ पडला यावरून मध्यंतरींच्या काळांतील गिऱ्हाइकांच्या आवडीनिवडीचा अंदाज बांधतां येतो.

तिसरा पुरावा कागदाचा. व्हर्मीर कर्ज ठेवून वारला. त्याची विधवा कातरिना हिनें १६७६ च्या जानेवारींत दोन चित्रें ६१७ गिल्डरांच्या देण्यापोटीं एका पाववाल्याच्या हवालीं केलीं. त्यांतील एकांत एक व्यक्ति पत्र लिहीत बसली होती असा उल्लेख आहे. पुढच्याच महिन्यांत घरांतील चीजवस्तूंची खोलीवार याद झाली, तींत ‘एक क्युपिड’ अशी कलम नोंद सांपडते. कर्जाच्या निमित्तानें केलेली रुक्ष याद, पण तिच्यावरून असें संभवतें कीं चित्रांतील चित्र ही नुसती कल्पना नसून तसा मदन चित्रकाराच्या घरांत खरोखरीच टांगलेला होता. जमाखर्चाचे व यादींचे कागद रद्दी म्हणून टाकणारांनीं हें लक्षांत घ्यावें.

चौथा पुरावा ग्रंथाचा. ओटो व्हॅन व्हेन याचें प्रेमविषयक रूपकचित्रांचें पुस्तक १६०८ सालीं अँटवर्प येथें छापलें गेलें व पुढें हॉलंडांत तें फार प्रचारांत होतें. त्यांत प्रत्येक पानावर मदनाची एक कृति व तिचें तात्पर्य दिलें आहे. मुखवटा तुडविणारा मदन हा त्यांतलाच एक. खऱ्या प्रेमाला सोंगढोंग चालत नाहीं, हें त्याचें तात्पर्य. असलीं पुस्तकें ज्यांच्या घरीं होतीं त्या लोकांस व्हर्मीरच्या भिंतीवरील मदन वाचावयास सुभाषिताइतकाच सोपा होता.

८. चारहि पुरावे एकाच दिशेनें जातात. मुलीच्या हातांतील पत्र प्रेमाचें आहे, आणि प्रेम म्हणजे निष्कपटता हें वचन तिच्या पाठीमागें उघड टांगलें आहे. परंतु येथेंच थांबून चित्राला नीतिवचनाचें भाषांतर समजणें आमच्या मतें चूक होईल. चित्रकारानें मदन मुलीच्या पाठीमागें ठेविला आहे, तिच्या दृष्टीपुढें नव्हे. ती पत्र पाहते, वचन पाहत नाहीं. आपण वचन पाहतों, पण पत्रांतील अक्षर आपणांस लागत नाहीं. पत्र पाठविणारा मुखवट्याचा आहे कीं मुखवटा तुडविणारा, हें दोघांपैकीं कोणासहि पुरें ठाऊक नाहीं. पूर्वीं जी शांतता नुसत्या एकांताची वाटे ती आतां परीक्षेच्या क्षणाची आहे. कलंडलेल्या तबकावरून व चिरलेल्या फळावरून मोहाची सूचना कित्येकांनीं काढली आहे. ती असंभवनीय नाहीं, पण फळांची साक्ष मदनाच्या साक्षीएवढी बळकट नाहीं, म्हणून तिला दुय्यम स्थान द्यावें.

मग जुना भाव सर्वस्वीं खोटा होता काय? तसेंहि नाहीं. वांकलेली मान, तावदानांतलें प्रतिबिंब, मध्यें आडवें पडलेलें मेज, अर्धवट सारलेला पडदा, खिडकींतून येणारा शांत उजेड हीं सर्व व्हर्मीरचींच आहेत व तीं आजहि आपल्याला त्या मुलीपासून दूर व अदबीनें उभें करितात. तेवढा भाव प्रमाण. भिंतीच्या शून्यापासून जो भाव निघत होता तो मात्र परक्या हाताचा. प्रक्षेप म्हटला म्हणजे आपण नेहमीं वाढविलेला श्लोक, घुसडलेली ओंवी असेंच समजतों. कांहीं नसणें, मोकळी जागा, मौन हेंहि प्रक्षिप्त असूं शकतें, ही या चित्राची खरी शिकवण होय. बखरींत एखाद्या प्रसंगाचा उल्लेख नाहीं, म्हणून बखरकारास तो ठाऊक नव्हता किंवा त्यास तो सांगावयाचा नव्हता, असें म्हणण्यापूर्वीं त्या जागेवर कोणाचा हात फिरला आहे काय हें पाहिलें पाहिजे.

९. या कामाविरुद्ध दोन आक्षेप घेतले जातात. पहिला रसिकांचा : रिकामी भिंतच अधिक सुंदर होती, मदनानें दालनांत गर्दी झाली. रुचीचा प्रश्न म्हणून हें कोणी खोडून काढूं शकणार नाहीं. परंतु सुंदर पाठ तो मूळ पाठ, हा न्याय ग्रंथचिकित्सेंत कधींच मान्य झालेला नाहीं. पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम १९१९ सालीं हातीं घेऊन १९६६ सालीं पुरें केलें. तींत लोकांच्या तोंडीं बसलेले कित्येक गोड प्रसंग मूळ संहितेंतून तळटीपांत व परिशिष्टांत गेले. ते नष्ट झाले नाहींत. त्यांची जागा ठरली, इतकेंच.

दुसरा आक्षेप इतिहासज्ञांचा व अधिक वजनाचा : मागाहून फिरलेला हात हाहि इतिहासच आहे, तो खरवडून टाकिल्यानें अठराव्या व एकोणिसाव्या शतकांनीं जें चित्र पाहिलें तें कायमचें नाहींसें झालें. हें खरें आहे. पोथींतील हरताळ परिशिष्टांत घालतां येतो, कारण पोथी नकलून छापतां येते; कापड एकच असतें. म्हणूनच असें काम छायाचित्रें, क्ष-किरणांचे ठसे व थरांचे नमुने यांची नोंद करूनच करावें लागतें. ड्रेस्डेनला तसें झालें, व म्हणून जुनी अवस्था आजहि कागदावर तपासतां येते. नोंद नसती तर आम्हीं स्वतः दुसऱ्या बाजूनें मत दिलें असतें.

१०. असो. या हकीकतीवरून संग्राहकांनीं घेण्याजोग्या गोष्टी तीन. जुन्या वाड्यांतील भिंतींवर चुन्याचे हात चढलेले असतात व त्यांखालीं चित्रें असण्याचा संभव असतो. तेथें खराटा किंवा पाणी लावण्याची घाई करूं नये. पोथीचे कडेचे समास कापून बांधणी करणें, फाटक्या जागीं कोरा कागद डकविणें, मळ पुसणें, हीं कामें सुधारणेचीं वाटतात; पण मळाच्या थरानेंच येथें न्याय केला हें विसरूं नये. आणि दुरुस्ति करावीच लागली तर आधींची स्थिति, केलेलें काम व तारीख हीं तीन एका चिठ्ठीवर लिहून ती पोथीबरोबर ठेवावी. व्हर्मीरच्या मदनावर ज्यानें रंग फिरविला त्यानें अशी एक ओळ लिहून ठेविली असती तर पुढील सर्व पिढ्यांस त्या भिंतीचें मौन व्हर्मीरचें म्हणून वाचावें लागलें नसतें.